सूडसंघाची अक्का

माझा विषय गणित. गॅदरिंगचं नाटक माझ्याकडे यायचं काही कारण नव्हतं. पण काही वर्षांपूर्वी मराठीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, हेडमास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी दहा पोरांच्या हातात झाडू देऊन स्वच्छतेवरचं एक नाटक बसवलं. त्या बाई परत आल्या, त्यांचं मूल आता आमच्याच शाळेत पहिलीत बसतं, पण नाटक काही माझ्या गळ्यातून सुटलं नाही. सरकारी शाळेत एखादं काम एकदा अंगाला चिकटलं की ते निवृत्तीच्या दिवशीच उतरतं.

आमची शाळा सीमाभागात, हुमनाबादहून चिटगुप्प्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका फाट्यापासून आत आहे. मराठी माध्यम, पहिली ते सातवी. पोरं माझ्याशी मराठी बोलतात, कन्नडच्या मास्तरांशी कन्नड बोलतात, दुकानात दखनी उर्दू बोलतात आणि भांडताना तिन्ही भाषा एकदम वापरतात. त्यांचं भांडण सोडवायचं म्हणजे आधी ते कुठल्या भाषेत सुरू झालं हे शोधावं लागतं.

एका वर्षी सातवीच्या वर्गाचं एक शिष्टमंडळ डिसेंबरातच माझ्या टेबलापुढे येऊन उभं राहिलं.

"बाई, औंदा झाडू नको."

"मग काय पाहिजे?"

"सुपरहिरो पाहिजे. टीम. आन् व्हिलन लोकांची बी टीम."

मी हेडमास्तरांकडे गेले. वाटलं, ते नाही म्हणतील आणि माझी सुटका होईल. हेडमास्तर फोनमध्ये काहीतरी बघत होते. मान वर न करता म्हणाले, "मुलांच्या आवडीचं करा, बाई." हेडमास्तरांचा उदारपणा नेहमी माझ्या वेळातून खर्च होतो.

गोष्ट पोरांनीच रचली. एका गावाचं रक्षण करणारे सहा हिरो. त्यांनी पाच दुष्टांना पूर्वी एकेकट्याने हरवून तुरुंगात टाकलेलं. आता ते पाचही जण तुरुंग फोडतात, एक होतात आणि गावावर सूड उगवायला येतात. पाचांच्या टोळीला 'सूडसंघ' हे नाव मी दिलं. तेवढा एक शब्द मला सुचला म्हणून मी दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी पात्रं वाटायला घेतली आणि खुशी संपली.

कारण सगळ्यांनाच हिरो व्हायचं होतं. दुष्ट व्हायला एक जण तयार नाही. वीज सोडणारा, उडणारा, अदृश्य होणारा, डोंगराएवढा होणारा, जनावरांशी बोलणारा आणि नुसताच जोरात पळणारा, असे सहा हिरो होते. वीज सोडणाऱ्याचं काम ग्रामपंचायतीच्या एका मेंबराच्या मुलाकडे गेलं. ते मी दिलं नाही, हेडमास्तरांनी दिलं. उरलेल्या पाच जागांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांच्या चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या त्यांतली पाच पोरं मी धरून आणली आणि त्यांना सूडसंघात बसवलं. सूडसंघातले दोघे त्या दिवशी घरी जाईपर्यंत रडत होते.

कोरी चिठ्ठी निघालेल्यांत ती होती. वर्गात सगळ्यांत उंच, सातवीतच माझ्या कानाला लागायची. आई नाही, आज्जीजवळ राहते, वडील हैदराबाद-पुणे रस्त्यावर लॉरी चालवतात आणि महिन्यातून कधीतरी घरी येतात. सगळा वर्ग तिला अक्काच म्हणायचा. पहिलीतली पोरं नाक पुसून घ्यायला तिच्याकडे जायची. तिला मी म्हटलं, "तू उंच आहेस, आवाजही मोठा आहे. तू सूडसंघाची प्रमुख."

ती जागची हलली नाही. "बाई, मला उडायचं होतं."

"एवढ्या उंच पोरीला मी उडवू कशी?"

वर्ग हसला. मीही हसले. ती जागेवर जाऊन बसली आणि मी पुढच्या पोराकडे वळले. दिवसभरात पोरांना आपण अशी कितीतरी वाक्यं टाकतो. हे वाक्य मला पुढे महागात पडणार आहे, असं त्या वेळी वाटायचं काही कारण नव्हतं.

तालमी सुरू झाल्या आणि माझं डोकं उठायला लागलं. उडणाऱ्या हिरोला बाकावर उभं राहायची भीती वाटायची. तो बाकाला धरून उडायचा. डोंगराएवढा होणारा मुलगा वर्गातला सगळ्यांत बुटका निघाला. तो मोठा झाला हे प्रेक्षकांना कळावं म्हणून बाकीच्या पाचांना गुडघ्यावर बसवावं लागे आणि उठताना त्यांच्या टॉवेलांच्या गाठी सुटत. हिरोंच्या पाठीवर घरून आणलेले टॉवेल होते. अदृश्य होणाऱ्याची आई तर रोज शाळेच्या फाटकाशी उभी.

"बाई, माझ्या लेकराशी नाटकात कुणी बोलतच न्हाई."

"तो दिसत नाही, म्हणून बोलत नाहीत."

"दिसतोय की. मला तर दिसायलाय."

त्यांना मी तीन वेळा समजावलं. चौथ्या वेळी अदृश्य हिरोला एक गाणं दिलं आणि विषय मिटवला.

सगळ्यांत मोठी अडचण अक्काची होती, म्हणजे 'अक्का' या हाकेची. वीज सोडणारा हिरो टॉवेल मागे टाकून, छाती काढून पुढे यायचा आणि म्हणायचा, "अक्का, आता तुझं मरण जवळ आलंय."

"अक्का म्हणू नको."

"मग काय म्हणू बाई?"

"दुष्टे म्हण."

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "अक्का, तू दुष्टे हायस," तो म्हणाला आणि सूडसंघासकट सगळे खाली बसून हसायला लागले. त्या दिवशी तालीम तिथंच संपली.

अक्काचं स्वतःचं एक वेगळंच चाललं होतं. पाठांतर तिचं सगळ्यांत आधी झालं होतं. आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचायचा. पण रोज एकदा तरी ती विचारायची, "बाई, आम्ही सूड कामून घ्यायलाव?"

"तुम्हाला तुरुंगात टाकलं म्हणून."

"तुरुंगात कामून टाकलं?"

"तुम्ही वाईट आहात म्हणून."

"मंग वाईट कामून हाव?"

दुपारचे साडेतीन, समोर अकरा पोरं, बाहेर चौथीच्या वर्गात मास्तर नाहीत म्हणून गोंधळ. मी म्हटलं, "तुला काय करायचंय? डायलॉग म्हण." तिनं डायलॉग म्हटला. चांगला म्हटला.

शेवट पोरांनी ठरवून ठेवलेलाच होता आणि त्यावर सगळीच पोरं अडून बसली होती. वीज सोडणारा हिरो धावत येणार, सूडसंघाच्या प्रमुखाच्या छातीवर लाथ मारणार आणि ती मागे रचलेल्या कडब्याच्या पेंढ्यांवर जाऊन पडणार. ढकलून पाड म्हटलं तर चालेना, विजेनं पाड म्हटलं तर चालेना. लाथच पाहिजे. तालमीत तिला लागू नये म्हणून मी तिच्या छातीशी दप्तर धरायला लावायची. तो दप्तरावर लाथ घालायचा, ती पेंढ्यांवर पडायची आणि उठून केसातला कडबा काढायची. माझ्या डोक्यात एवढंच होतं की कार्यक्रमाच्या दिवशी तो पाय नुसता उचलेल, लावणार नाही, आणि ती आपोआप पडेल. पोरांना मात्र हे सांगायचं राहिलं. शंभर गोष्टी सांगायच्या होत्या, त्यात ही एक राहिली.

कार्यक्रमाला दोन दिवस असताना तिची आज्जी शाळेत आली. कपाळाला विभूती, हातात काठी. मी खुर्ची दिली तरी बसली नाही.

"बाई, नाटक किती वाजता हाय?"

"तीनला. भाषणं संपली की."

"लेक येणार हाय माझा. माल घेऊन पुण्याकडं चाललाय. वाटंत गाडी फाट्यावर लावून येतो म्हणलाय. एवढ्या वरसात एकदा बी बघितलं न्हाई त्यानं हिचं गॅदरिंग." आज्जीनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पोरीनं फोनवर सांगितलंय त्याला. मी टीमची लीडर हाय, मीच गावाला वाचवते म्हणून."

मी दाराकडे बघितलं. अक्का बाहेर पाण्याच्या टाकीजवळ उभी होती. पाणी पीत नव्हती, नुसती उभी होती.

"मला ठाऊक हाय ती काय हाय ते," आज्जी म्हणाली. "काळी कापडं मीच शिवायली. त्याला ठाऊक न्हाई. काय करता येतंय का बघा."

मला आधी राग आला. खोटं ती बोलली आणि निस्तरायचं मी. पण म्हातारी गेल्यावर मी खरंच प्रयत्न केला. हेडमास्तरांना म्हटलं, दोन पात्रं बदलू या. ते म्हणाले, फाट्यावर फ्लेक्स लागलाय, सहा हिरोंचे फोटो आहेत, मेंबरसाहेबांनी स्वतः लावलाय, आता काय करता. वीज सोडणाऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि नाकातूनही. मग मी अक्काला बोलावलं.

"खोटं का सांगितलंस?"

"अप्पानं विचारलं, तू काय करायलीस नाटकात. तर तोंडातून निघून गेलं."

"मग फोन करून खरं सांग."

"अप्पा गाडीवर हाय बाई. गाडी चालवणाऱ्याला फोन करू नये म्हणून तुम्हीच शिकवलात."

ते मीच शिकवलं होतं. रस्तासुरक्षेच्या आठवड्यात फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून. आपण शिकवलेलं पोरांच्या लक्षात राहात नाही म्हणून मी वर्षभर ओरडते, आणि राहिलं ते नेमकं इथं. मी इतकी वैतागले होते की म्हटलं, "मग आता काय करायचं? पडायचंच आहे तर चांगलं पड."

"व्हय बाई," ती म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी भाषणं अर्थातच लांबली. पाहुणे आधी कन्नडमध्ये बोलले, मग मराठी मंडळींना वाईट वाटू नये म्हणून तेच मराठीत बोलले. हिरो पडद्यामागे टॉवेल बांधून घामाघूम झाले होते. जनावरांशी बोलणाऱ्यानं प्रसादाचा शिरा आधीच खाल्ला होता. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. मैदानाच्या पार शेवटी, लिंबाच्या झाडाखाली एक उंच माणूस उभा होता. खांद्यावर टॉवेल, शर्टावर रस्त्याची धूळ. पुढं खुर्च्या रिकाम्या होत्या तरी तो मागंच थांबला होता. उंचीवरून कळलं, हा कोण ते.

अक्काही दुसऱ्या फटीतून बघत होती. काळा झगा, काळी ओढणी, कपाळाला काजळाचा मोठा टिळा.

नाटक सुरू झालं. वीज बॅटरीची होती आणि ऊन एवढं की ती लागली का विझली ते कुणाला कळेना. उडणारा बाक धरून उडाला. अदृश्य हिरोचं गाणं संपल्यावर त्याच्या आईनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. सूडसंघ आला. अक्कानं पहिलं वाक्य टाकलं आणि पुढं बसलेली पहिलीतली पोरं गप्प झाली. एवढी पोरं मी कधी गप्प केली नव्हती. लढाई झाली. सूडसंघातले चार जण ठरल्याप्रमाणे एकेक करून पडले. ती एकटी उरली.

वीज सोडणारा धावत आला. त्यानं पाय उचलला. आणि मला तिथं पडद्यामागे उभ्या उभ्या आठवलं की आज दप्तर नाही, आणि नुसता पाय उचल, लावू नको, हे मी त्याला सांगितलेलंच नाही.

तेवढ्यात मागून, लिंबाखालून आवाज आला.

"ए, पाय खाली घे. लिंग हाय तिच्या गळ्यात."

सगळ्या माना मागं वळल्या. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मान हलवली, बायकांत कुजबुज झाली, "खरं हाय की," कुणीतरी म्हणालं. मी कपाळावर हात मारला. अकरा वर्षं मी या गावात नोकरी करते. या लिंगायत घरांमधली पोरं गळ्यात इष्टलिंग घालतात, त्याला पाय लागणं म्हणजे पाप, हे मला माहीत आहे. त्यांना आंघोळ झाल्यावर लिंगपूजा केल्याशिवाय चहासुद्धा मिळत नाही, हेही माहीत आहे. आणि तरीही मी गणिताची बाई, छातीवर लाथ लिहून बसले. तालमीत ते दप्तराखाली झाकलं गेलं होतं, म्हणून ना माझ्या लक्षात आलं, ना पोरांच्या.

वीज सोडणारा मात्र अजून एका पायावर उभा होता. तोही तशाच घरातला. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. माझ्या हातात नाटकाची वही होती आणि सवयीनं मी पडद्यामागून कुजबुजत होते, "मार, मार." हे नंतर मला तिथल्या एकानं सांगितलं. मला स्वतःला आठवत नाही.

त्यानं पाय खाली घेतला. आता काय करायचं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून गळ्यात लिंग असलेल्याला करायचा नमस्कार त्याला घरी शिकवलेला होता, तोच त्यानं केला. हात जोडले, मान वाकवली आणि म्हणाला, "शरणु शरणार्थी, अक्का."

बाकीचे पाच हिरो पूर्ण नाटकभर तो करेल तेच करत आले होते. त्यांनीही हात जोडले. गावाचं रक्षण करणारे सहा वीर टॉवेल लावून सूडसंघाच्या प्रमुखापुढे वाकून उभे. प्रेक्षकांत हशा पिकला. हेडमास्तर खुर्चीतून अर्धे उठले.

अक्का मरायची होती. मरायचं कसं ते आता तिलाही कळेना. ती दोन पावलं पुढं आली आणि माझ्या वहीत नव्हतं ते बोलायला लागली.

"आम्ही सूड कामून घ्यायलाव ते कुणी विचारलंच न्हाई. तुमच्या टीममधी सहाच जागा होत्या. चिठ्ठ्या टाकल्या, आमच्या कोऱ्या निघाल्या. मंग उरलेल्यांनी कुठं जायचं?"

वीज सोडणाऱ्यानं विचार केला. त्याला जास्त वेळ लागला नाही. "मंग ये की आमच्यात," तो म्हणाला.

"येते. पण मला उडायचं हाय."

पुढं जे झालं त्याला मी अजिबात जबाबदार नाही. मेलेला सूडसंघ उठला. सहा हिरो आणि चार दुष्ट यांनी मिळून तिला धरली, कुणी पाय, कुणी हात, कुणी कंबर, आणि डोक्यावर उचलली. बुटका हिरो मधोमध अडकला आणि नुसते दोन हात वर दिसत राहिले. ती आडवी, हात पसरलेले, काळी ओढणी मागे. तशी तिला घेऊन ते स्टेजभर फिरले, दोन फेऱ्या. बाक पडला, पेंढ्या विस्कटल्या, मागचा पडदा दोरीसकट खाली आला आणि मी वही हातात घेऊन, मुठीत पेन धरून, चप्पल न घातलेल्या पायांनी सगळ्या गावाला दिसले. टाळ्या थांबेनात.

हेडमास्तर मागं आले तेव्हा लाल झाले होते. "बाई, दुष्टांचा पराभवच झाला नाही. गावात काय संदेश गेला?" मी त्यांना म्हटलं, संदेश तुम्ही पुढच्या वर्षी स्वतः पाठवा, आणि पडदा गोळा करायला लागले.

अक्का मदतीला आली. दोघींनी पडद्याची दोन टोकं धरली. मी रागातच होते, पण कुणावर ते मला नीट सांगता आलं नसतं.

"लिंग आहे गळ्यात, लाथ चालणार नाही, हे मला आधी सांगता येत नव्हतं?" मी म्हटलं.

तिनं इकडंतिकडं बघितलं. मग झग्याची बाही वर केली. दंडाला पांढऱ्या कापडात लिंग बांधलेलं होतं.

"आज्जीनं सकाळीच हितं बांधलं. गळ्यात न्हवतंच."

"का?"

"लाथ बसणार होती की."

"अगं, दप्तर नव्हतं आज. लागलं असतं तुला."

"तुम्हीच म्हणलात बाई, चांगलं पड." ती अगदी साधेपणानं म्हणाली. टोमणा वगैरे काही नाही. पडद्याचं टोक माझ्या हातात दिलं आणि बाही खाली केली. "अप्पाला सांगू नका. गळ्यात न्हवतं म्हणून. त्यानं एवढ्या लोकांत सांगितलं. खोटं पडंल त्याचं."

मी सांगणार नाही म्हटलं. मला स्वतःची लाज वाटत होती. ती आज्जीकडे पळाली.

पडदा खोलीत टाकून बाहेर आले तर तो उंच माणूस फाटकाशी उभा. मला बघून त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला.

"बाई, मधीच वरडलो. चुकलं माझं. नाटक बिघडलं तुमचं."

"लिंग होतं, तुम्ही बरोबरच बोललात," मी म्हटलं.

तो थोडा वेळ टॉवेलाची घडी घालत राहिला. "खरं सांगू का बाई. लिंगाचं मागनं सुचलं. मला आधी त्याचा पाय दिसला. लेकीवर उचललेला. नुसतं पाय खाली घे म्हणलो असतो तर लोकं हसली असती, नाटकात बी कुणी वरडतंय का म्हणून. मंग लिंगाचं नाव घेतलं."

मी म्हटलं, "छान काम केलं तिनं."

"व्हय." तो हसला. "लीडर हाय म्हणली होती. फाट्यावर गाडी लावली तवा बोर्ड बघितला. सहा फोटू. आमची कुठंच न्हाई. लई येळ तितंच हुभा होतो. म्हणलं, परत जावं. मी बघितलं तर पोरीला तोंड लपवावं लागंल. मंग म्हणलं, एवढ्या लांब आलाव, मागं हुभं राहून बघू, तिला दिसायचं न्हाई."

"तुम्ही दिसत होता," मी म्हटलं. "तुमची उंची."

"ती बी तशीच हाय," तो म्हणाला. मग टॉवेल परत खांद्यावर टाकला. "तिला सांगू नका बाई. मी बोर्ड बघितला म्हणून."

नाही सांगणार, मी म्हटलं, तेवढ्यात ती आलीच, काळ्या झग्यात, केसात कडबा. त्यानं तिच्या केसातली एक काडी काढली. "लीडर," तो म्हणाला. ती खाली बघून हसली. दोघं फाट्याच्या रस्त्याला लागले. फाट्यावर तो बोर्ड होता आणि दोघांनाही त्याच्याखालून जायचं होतं. मी फाटकात उभी राहून बघितलं. बोर्ड जवळ आला तसा तो रस्त्याच्या पलीकडे तिला काहीतरी दाखवायला लागला आणि ती मोठ्या उत्साहानं पलीकडे बघायला लागली. तिथं मोकळ्या वावराशिवाय काही नव्हतं.

ती आता हुमनाबादला हायस्कुलात जाते. नाटक अजून माझ्याकडेच आहे. तिनं मला सांगितलं, अप्पाला सांगू नका. त्यानं सांगितलं, तिला सांगू नका. बाप लेकीचं झाकतोय, लेक बापाचं झाकतीय, आणि दोघांचं सांभाळत बसायचं कुणी, तर मी. मी दोघांनाही शब्द दिला होता आणि इतके दिवस तो पाळला. आज इथं लिहून मोडला. दोघांनाही मराठी चांगली वाचता येते, तिला तर मराठीच्या बाई रजेवर असताना मीच शिकवली. वाचू देत. एकदाचं कळू दे दोघांना.